वशिंडाची घडी

तो फोटो लेकीनं मोबाइलवर दाखवला तेव्हा मी चहाची बशी तोंडाजवळ नेली होती. ती तशीच राहिली. मला आधी कळलंच नाही की हा माझाच बैल आहे.

आमचं काम थोडक्यात सांगतो. चिखलीत आमच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर लेकीचं शेड आहे. ती पत्र्याचे प्राणी करते. करते म्हणजे पुरे करत नाही. चाकणला मशीनवर पातळ पत्रा कापून आणते, पाकिटात सपाट घालून विकते, आणि घेणारा आपल्या घरी बसून हातानं वळवून प्राणी उभा करतो. जिथं घडी पडायची तिथं बारीक बारीक छेद असतात, म्हणून बोटाच्या जोरानं पत्रा वळतो. हत्ती, हरीण, बगळा, सगळे तिचे. प्रत्येकाबरोबर बाणबिण काढलेला एक कागद असतो, आधी काय वळवायचं, मग काय.

बैल मात्र माझा. माझा जन्म कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमध्ये गेला, पत्रा कुठं वळतो आणि कुठं रुसतो ते हाताला ठाऊक आहे. शाळा चौथीत सुटली, पण बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी जो बैल केला तो लेकीला कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उतरवावा लागला. शर्यतीच्या घाटात पळायचा तो माझा खिल्लार होता. मान ताठ, शिंगं मागं गेलेली. पाठीच्या घडीतून एक जीभ कापून ठेवली होती, ती वर उचलली की वशिंड. त्या वशिंडासाठी मी किती पुठ्ठे वाया घालवले ते विचारू नका.

कागदावरून आमचं वाजलं. लेक म्हणे, बाण काढू. मी म्हटलं, ज्याला बैल ठाऊक नाही त्यानं बैल घेऊ नये. ती म्हणाली, "बाबा, घेणारे तिकडं टॉवरमध्ये राहतात. त्यांनी कुठं बैल पाहिलाय?" मी ऐकलं नाही. बैल कागदाशिवाय गेला.

आणि आता हा फोटो. माण गावाकडच्या एका टॉवरमधल्या बाईनं पाठवलेला. खाली लिहिलं होतं, ते लेकीनं वाचून दाखवलं, गाय फार सुंदर झाली, धन्यवाद.

गाय. वशिंडाची जीभ वर उचलायची ती खाली दाबली होती, आणि ती पोटाखाली लोंबत होती. कास म्हणून. शिंगं आत वळवून आखूड केलेली. घाटात धुरळा उडवणारं जनावर, आणि त्याला कास. माझ्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं.

लेक आधी खूप हसली. मग हसू आवरून म्हणाली, आता एक तर कागद टाकू, नाही तर बैल बंद करू. मी म्हटलं, थांब, मी जाऊन सरळ करून येतो. नको नको म्हणत तिनंच फोन करून माझं येणं कळवलं. मी पक्कड फडक्यात गुंडाळली आणि बस बदलत माणला गेलो. त्या दिवशी वसुबारस होती हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

गेटवरच्या पोरानं वर विचारून सोडलं. दार सुनेनं उघडलं, फोटो पाठवणारी तीच. पाणी दिलं, आणि म्हणाली, गाय सासूबाईंनी केलीय, त्यांनाच विचारा. आतून माझ्याच वयाची म्हातारी आली. मराठवाड्याकडची, कपाळावर ठसठशीत गोंदण. पाटावर माझा बैल उभा होता. अंगावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ.

मला वाटलं होतं, शहरातलं अडाणी माणूस भेटेल, त्याला दोन शब्द सुनवीन. मी म्हटलं, बाई, हा बैल आहे. ही कास नव्हं, वशिंड आहे.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "वशिंड मला कळत नाही व्हय भाऊ? बैलाच्या दावणीत जन्म गेला माझा."

"मग?"

"मग काय. बैलाचं मी काय करू हितं? औत कुठाय? मला बारसला गाय पाहिजे होती. गाय काही गेटच्या आत घेत नाहीत."

न कळून वाकडं केलेलं मी सरळ केलं असतं. हिनं कळून सवरून, पाटाच्या कडेवर घड्या घालून, माझा बैल फिरवला होता. आणि घडी, खरं सांगतो, कुठं लहरली नव्हती.

पुढं म्हणते कशी, कास जरा पुढं आलीय, पण देवाला चालतंय. आणि बरं झालं तुमी कागद घातला नाही. कागद असता तर सुनेनंच वाचून बैल केला असता. मला वाचता येत नाही, मग माझ्या हातात कोण देतंय.

ज्या हट्टासाठी मी घरी भांडलो तो खरा ठरला होता, बैल ठाऊक असलेल्याच्याच हाती बैल गेला होता, आणि त्या हट्टानंच माझ्या बैलाची गाय केली होती. हे डोक्यात बसेना.

फडक्यातली पक्कड तिनं पाहिली. "करायचाय सरळ तर करा. तुमचं जनावर आहे."

मी तो हातात घेतला. छेदावर एकदा पडलेली घडी उघडून उलटी वळवली तर जीभ हातात येते, पत्र्याचा स्वभाव आहे. मोडली की वशिंडही नाही आणि कासही नाही. सांजेला पुजेचा पाट रिकामा राहिला असता. मी बैल होता तिथं ठेवला. शेपटी थोडी कलली होती, तेवढी बोटानं नीट केली.

निघताना तिनं दारातून विचारलं, "वासरू कुठाय हो? बारसला गाय एकटी पुजत नाहीत. औंदा मी कणकेचं केलंय."

घरी आलो तर लेक वाट बघत होती. सरळ झाला का म्हणाली. मी म्हटलं, कागद टाकायचा नाही, आणि बैल बंद व्हायचा नाही. मग सगळं सांगावंच लागलं. या वेळी ती हसली नाही. मी बुटाचं खोकं ओढलं आणि कात्री घेतली.

वासरू करतोय. पुढच्या बारसला पाठवीन त्या बाईला. पण नर आहे तो, गोऱ्हा, कालवड नव्हं, हे मी लेकीला बजावून ठेवलंय. पाठीवर बारकीशी जीभ ठेवलीय. ती बाई ती कुणीकडं वळवील, सांगता येत नाही.