‘लवचिक’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या गुरुवारी शिरपूरला, आमच्याच अंगणात, मला असा धक्का बसला की अजून सावरतेय...

मी आणि माझ्या नवऱ्याने शेतात हळद लावायचं एक छोटं मशीन बनवलंय. बेणं, म्हणजे लावायचे हळदीचे कंद, नळीतून सरीत पडताना कोंब मोडू नये म्हणून नळीच्या तोंडाशी एक झाकण आहे. सगळी करामत त्या झाकणात. पेटंटसाठी अर्ज केला.

तर पेटंट ऑफिसचा आक्षेप आला... ‘लवचिक झाकण’ हे शब्द स्पष्ट नाहीत, या कामातल्या जाणकाराला त्यातून नेमका अर्थ लागत नाही. मी भडकलेच. ऑनलाइन सुनावणीत चांगलं ठणकावून सांगायचं ठरवलं.

आधी खात्री करावी म्हणून दोन जाणकार घरी बोलावले. माझे दीर, वाशिमला त्यांचं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. आणि शबानाताई, त्या पेरणीयंत्रं दुरुस्त करतात. दोघांनीही आमचं मशीन पाहिलेलं नव्हतं. अर्जातलं ते वाक्य मी मराठीत सांगितलं.

“एकदम साफ हाय, वहिनी,” दीर म्हणाले. “याच्यात कायले अडून राह्यले ते?”

“मलेही समजलं,” शबानाताई म्हणाल्या.

मी खूश... सहज विचारलं, मग बनवाल कसं?

“स्प्रिंगवाला पत्रा लावायचा. बेणं गेलं का फटकन बंद,” दीर म्हणाले.

शबानाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “पत्रा कायले, भाऊ? लवचिक म्हनजे रबर.”

दोघांची जुंपली. आमच्या मशीनला रबरच आहे. स्प्रिंगच्या पत्र्याने तर कोंब चेचला जातो... ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच माझ्या वाक्यात नव्हती. आणि वाक्य दोघांनाही साफ वाटलं होतं.

काल सुनावणी झाली. मी भांडले नाही. अर्जाच्या वर्णनात रबराचा उल्लेख होता, म्हणून आमच्या वकिलांनी दुरुस्ती सुचवली... ‘बेण्याच्या वजनाने वाकणारी रबरी पट्टी’. आक्षेप काढणाऱ्या अधिकारी बाईच समोर होत्या; त्यांनी ते शांतपणे वाचलं, एक प्रश्न विचारला आणि तो आक्षेप मिटला.

उद्या कुणी आमच्यासारखंच रबर लावून नक्कल केली असती आणि ‘लवचिक म्हणजे तर स्प्रिंगचा पत्रा’ म्हटलं असतं, तर त्या एका शब्दावर आम्ही कोर्टात काय सांगणार होतो? ज्या बाईंना मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांनीच आमचं मशीन आमच्याकडे राखलं... त्यांना मनापासून थँक्यू.