दहापैकी सहा

आमच्याकडे इटलीत रविवारी जो जो फुटबॉलच्या मैदानात उतरला, त्याला सोमवारच्या पेपरात दहापैकी गुण मिळतात. गोल करणाऱ्याला सात-साडेसात, ढिसाळ गोलकीपरला चार, आणि ज्याच्याबद्दल वार्ताहराला काहीच आठवत नाही त्याला सहा. लोरिस झाम्पिएरीला सतरा वर्षं सहा मिळाले. क्लब बदलले, गावं बदलली, वार्ताहर म्हातारे होऊन घरी बसले, पण सहाचा आकडा काही हलला नाही. गुणांच्या पुढे एखादा शब्द छापतात. लोरिसपुढे कायम एकच असायचा, 'नीटनेटका'. जणू केर काढलेल्या खोलीबद्दल लिहिलंय.

त्याचे वडील दीनो साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पो नदीच्या मुखाकडचे आमचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तसा तोही पडला. मग दीनोकडे बारमधला पत्त्यांचा डाव आणि पोराचा फुटबॉल, एवढंच उरलं. सोमवारी तो बारमध्ये पोचायच्या आत कुणीतरी पेपर वाचून तयार असायचं.

"काय दीनो, पोरगं पुन्हा सहा?"

"सहा म्हणजे पास," दीनो म्हणायचा आणि पत्ते पिसायला घ्यायचा. संध्याकाळी फोनवर मात्र लोरिसला ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. एकदा सात आण बाबा, मग मी मरायला मोकळा, असं तो म्हणायचा. त्यात अर्धी चेष्टा असायची. उरलेलं अर्धं लोरिसला झोपताना आठवायचं.

लोरिस मधल्या फळीत खेळायचा, बचाववाल्यांच्या जरा पुढे. चेंडू घ्यायचा, जवळच्या माणसाला द्यायचा, आणि पुढच्या क्षणी जिथे भगदाड पडणार तिथे आधीच जाऊन उभं राहायचं, हे त्याचं काम. समोरचा पळत त्या जागेपाशी यायचा, तिथे लोरिसला बघायचा आणि मागे वळायचा. म्हणजे काहीच घडायचं नाही. आणि जे घडलंच नाही ते छापणार कोण? गोल म्हणाल तर आयुष्यात एकच, आणि तोही आपल्याच जाळ्यात.

बावीस वर्षांचा असताना दोन क्लबांकडे त्याची निम्मी-निम्मी मालकी होती. तेव्हा तसा नियमच होता. दोघांचं जमलं नाही तर दोघांनी बंद लिफाफ्यात आकडा लिहून द्यायचा, जास्त आकडा ज्याचा त्याचा खेळाडू. एका क्लबाने एका बऱ्यापैकी सायकलीची किंमत लिहिली. दुसरा क्लब लिफाफा पाठवायलाच विसरला. लोरिसला ही बातमी न्हाव्याच्या खुर्चीत कळली, तोंडाला फेस असताना. दुकानातले सगळे हसले, तोही हसला. दुसरं काय करणार?

पुढे मोरेनाशी लग्न झालं, नोएमी झाली, आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसा संसार या गावातून त्या गावात फिरत राहिला. दोन क्लब तर तो खेळत असतानाच बुडाले. नोएमी प्रत्येक शाळेत नव्याने बोलायला शिकायची. दक्षिणेत होते तेव्हा दक्षिणेसारखं, डोंगरात होते तेव्हा डोंगरातल्यासारखं. मोरेनाने पडदे शिवून घेणं सोडून दिलं, कारण पुढच्या घराच्या खिडक्या वेगळ्याच मापाच्या निघायच्या. एवढ्यातही लोरिस दर वर्षी जुलैत नव्या बुटांची नाडी बांधायला वाकला की त्याला वाटायचं, आपल्यासारखा सुखी कोण आहे. खेळाडू असणं एवढंच त्याला येत होतं, आणि तेवढंच हवं होतं.

चौतिसाव्या वर्षी जूनमध्ये त्याचा करार संपला आणि फोन आला नाही. तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये आता सगळ्यांना कोवळी पोरं हवी असतात. एजंट आधी म्हणायचा, बोलणी चालू आहेत. मग म्हणायला लागला, सुट्टीवर आहे. मग त्याने फोन उचलणंच बंद केलं.

तेव्हा लोरिस क्लब नसलेल्यांच्या शिबिरात गेला. खेळाडूंची संघटना दर उन्हाळ्यात ते भरवते. टेकड्यांच्या पायथ्याशी एक साधं हॉटेल, मागे एक मैदान. अंगात पांढरे शर्ट, त्यांच्यावर कुणाचंही नाव नाही. प्रशिक्षकालाही क्लब नव्हता, तरी सगळे त्याला रीतीप्रमाणे 'मिस्टर' म्हणायचे, आणि तोही रीतीप्रमाणे ओरडायचा. जवळपासचे क्लब सरावाला सामने खेळायला यायचे, आणि त्यातून कुणी कुणाला उचलून न्यायचं. ज्याचं जमलं तो रात्रीच्या जेवणाला उभा राहून सांगायचा. बाकीचे टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या संपल्या की प्रत्येकाचा हात आपापल्या खिशातल्या फोनकडे जायचा.

लोरिसच्या खोलीत नुन्झिओ नावाचा गोलकीपर होता, कातानियाकडचा, तोंडाचा फटकळ.

"आपण अनाथाश्रमातली पोरं रे," तो म्हणायचा. "पाहुणे आले की भांग पाडून रांगेत उभं राहायचं. आणि तू तर असा उभा राहतोस, की पाहुण्यांना वाटतं, हा आश्रमाचा खांब आहे."

ऑगस्ट सरत आला तशी टेबलावरची ताटं कमी होत गेली. लोरिसचं ताट होतं तिथेच होतं. इकडे मोरेनाच्या भावाने, गाब्रिएलेने, त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. गाब्रिएले आमच्या खाडीत शिंपल्या काढतो. त्यांच्या सहकारी संस्थेतला एक म्हातारा सभासद निवृत्त होत होता, आणि ती जागा महिनाअखेरपर्यंतच थांबणार होती. कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या पंजाने चिखल ओढायचा. काम प्रामाणिक आहे, त्यात लाज कसली. पण एकदा त्या पाण्यात उतरलं की आपण खेळाडू होतो असं म्हणायचं, खेळाडू आहोत असं नाही. या महिन्यात काही जमलं नाही तर ती जागा घेईन, असा शब्द त्याने मोरेनाला दिला होता.

शिबिराचा शेवटचा सामना बोर्गोलाना क्लबशी होता. मिस्टरने लोरिसला बाजूला घेऊन सांगितलं, की बोर्गोलानाला मधल्या फळीत एक माणूस हवा आहे, आणि त्यांचे संचालक रान्झानी स्वतः क्लबच्या अध्यक्षांना घेऊन येणार आहेत. यापेक्षा जास्त तो काही बोलला नाही. लोरिसने दुपारी मोरेनाला फोन केला.

"एक सांगू? रागावू नकोस," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं तुझे सामने बघते. नोएमी विचारते, बाबा कुठायत, आणि मलाच तुला शोधावं लागतं. मग त्या लोकांना तू कसा दिसणार? आज एक दिवस दिस ना रे, लोरिस. एकच दिवस."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते त्याच्या जिव्हारी लागलं.

सामना सुरू झाला आणि लोरिस दिसायला लागला. चेंडू आला की जवळच्याला देण्याऐवजी तो घेऊन पुढे निघायचा. पहिला फटका जाळीवरून पलीकडच्या मक्याच्या शेतात गेला. मिस्टर ओरडला, "लोरिस, जागा धर!" त्याने ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं. दुसऱ्यांदा चेंडू उसळून त्याच्या डाव्या पायाशी आला, गोल बराच लांब होता, त्याने डोळे मिटल्यासारखं करून हाणला आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात शिरला. स्टँडमधले थोडेसे लोक उभे राहिले. काहीजण टाळ्या वाजवत होते. लोरिसला हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्याने ते नुसतेच वर केले. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

मग तर तो मागे फिरलाच नाही. त्याची जागा मागे ओस पडली आणि बोर्गोलानाची पोरं त्यातून ये-जा करायला लागली. एक गोल झाला, मग दुसरा.

"दार सताड उघडं टाकून कुठे हिंडतोयस, लोरिस?" नुन्झिओ मागून ओरडत होता. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिसराही गोल झाला. पण लोरिस मनात म्हणत होता, सरावाचा सामना आहे, हरलो तर हरलो. मी दिसलो ना.

अंघोळ करून तो बाहेर आला तर रान्झानी वाट बघत उभा होता. बुटका, जाड चष्म्याचा माणूस.

"छान होता गोल," रान्झानी म्हणाला.

"मी तयार आहे, साहेब. म्हणाल तर उद्यापासून."

रान्झानीने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी किती संघ तुझ्याविरुद्ध उतरवलेत, माहितीये? दर वेळी माझी पोरं मधून घुसायला जायची आणि तिथे तू. मी सगळा उन्हाळा अध्यक्षांच्या मागे लागलोय. म्हटलं, एक माणूस आहे, तो स्वतः दिसत नाही, पण तो असला की बाकीचे दहा दिसतात. ते म्हणाले, असा माणूस असतो तरी का. म्हणून आज मुद्दाम घेऊन आलो त्यांना."

"मग?"

"मग काय. आज सगळ्या मैदानात तू एकटाच दिसत होतास."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोरिसने त्याची बाही धरली. आयुष्यात त्याने रेफरीचीसुद्धा बाही धरली नव्हती.

"मला परत बघा. उद्या बघा, तुमच्या पोरांत घालून बघा. मी तसा नाहीये हो. मी सहाचा माणूस आहे, कुणालाही विचारा. आज तेवढं… आज मला वाटलं, तुम्हाला हे हवं असेल."

"मला ठाऊक आहे रे," रान्झानी हळूच म्हणाला. "मला पटवायची गरजच नाही. त्यांनी डोळ्यांनी बघितलं, त्याला मी काय करू? ते म्हणतात, गोल मारायला धावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तेही विशीतले."

गाडीतून अध्यक्षांनी हॉर्न वाजवला. रान्झानीने आपली बाही सोडवून घेतली, तीही अशी हळू, की लोरिसला रडूच आलं.

घरी मोरेनाने विचारलं, गोल तर केलास ना, मग या लोकांना हवंय तरी काय? लोरिस म्हणाला, तरुण पोरं हवीयत. खरं काय झालं ते त्याने तिला तेव्हा सांगितलं नाही, आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीनोचा फोन आला. काय झालंय ते सांगेना, नुसता म्हणत होता, बारमध्ये ये, आत्ताच्या आत्ता ये. लोरिस गेला तर सगळे उभे राहिले. उन्हाळ्यात छापायला काही नसतं, म्हणून बोर्गोलानाकडच्या पेपराने सरावाच्या सामन्यालाही गुण दिले होते. ते पान कुणीतरी दीनोसाठी मागवून घेतलं होतं. ते काउंटरवर पसरलं होतं, आणि दीनोचं बोट एका आकड्यावर होतं.

"सात," दीनो म्हणाला. "वाच. झाम्पिएरी, सात. पुढे काय लिहिलंय ते वाच. 'सर्वत्र दिसला.'"

म्हाताऱ्याने सगळ्यांना वाइन पाजली. जे इतकी वर्षं त्याला टोमणे मारत आले, ते आता त्याची पाठ थोपटत होते. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

"आता बघा," तो सगळ्यांना सांगत होता. "आता फोन येणार. सात गुणांच्या माणसाला कोण घरी बसू देतंय? लोरिस, ठेव फोन इथे. टेबलावर ठेव, सगळ्यांना ऐकू दे."

लोरिसने खिशातून फोन काढून पत्त्यांच्या शेजारी ठेवला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बाबा, हा साताचा आकडाच मला बुडवून गेला, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते वाइनच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर गाब्रिएले बसला होता. त्याच्याही टाळ्या वाजवून झाल्या होत्या. लोरिस ग्लास घेऊन त्याच्याकडे गेला आणि फोनकडे पाठ करून बसला.

"ती जागा आहे अजून?" त्याने विचारलं.

गाब्रिएलेने एकदा दीनोकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आहे. सोमवारी पहाटे ओहोटी आहे, तेव्हा निघू," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बूट कितीचे लागतात तुला?"

"त्रेचाळीस," लोरिस म्हणाला.