चुना न लावणारा कॅमेरा

माझी मावशी रंगाच्या दुकानात रंग कालवते. गेली अठ्ठावीस वर्षं. लोक उशीचा अभ्रा घेऊन येतात, तुटलेलं खेळणं घेऊन येतात, एकदा एकजण अर्धा खाल्लेला पेरू घेऊन आला होता. मावशी डब्यात थेंब थेंब टाकत तोच रंग भिंतीसाठी करून देते. दुकानात आता मशीन आलंय. त्याच्यावर मावशी पर्स ठेवते.

मंगळवारी तिचा फोन आला. "कॅमेरा घ्यायचाय. तू चल. मला तुझा गाल हवाय."

कारण आई. माझी आई, म्हणजे मावशीची ताई, शनिवारी ग्रंथालयातून निवृत्त होणार होती. तिथे भिंतीवर निवृत्त झालेल्यांचे फोटो लावतात आणि आईने साफ नकार दिला होता. आई चांगली सावळी. आजवर जो जो फोटो निघाला त्यात फोटोवाल्याने न सांगता तिला उजळ केलं. तिशीतला फोटो तर तिने फाडूनच टाकला. "सदतीस वर्षं पुस्तकं लावली मी, आणि भिंतीवर ही कोण गोरी बाई?" असं तिचं म्हणणं. फोनचं तर नावच नको. मावशीच्या मते फोन न विचारता पुट्टी मारतो.

मी आईच्याच रंगाची. आणि खरं सांगते, मला त्या पुट्टीची सवय झाली होती. माझ्या फोनमधली मी रस्त्यात समोर आली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही. पण मावशीपुढे कुणाचं काही चालत नाही. गेले मुकाट.

कॅमेऱ्याच्या दुकानात तिने पर्समधून पुठ्ठ्याची एक पट्टी काढली. त्यावर रंगाचा एक हात दिलेला, मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ताई. "तीन दिवस लागले," ती म्हणाली. "काळ्याचे दोनच थेंब. तिसरा पडला की ताई चिडल्यासारखी दिसते."

टाय लावलेला विक्रेता धावत आला. "मावशी, हा बघा, चोवीस मेगापिक्सेल."

"असतील. सावळ्याला सावळं म्हणतो का, ते सांग."

मावशीने अंगठी काढली, डोळे मिटले आणि कॅमेरा हातात तोलून पाहिला. पहिला साबणाच्या वडीसारखा निसटत होता. दुसऱ्याची वरची फिरवायची चकती इतकी सैल, की पर्समध्ये आपोआप फिरली असती. तिसरा हातात बसला. मग तिने मला दाराशी उभं केलं, कारण ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्यावर तिचा विश्वास नाही. फोटो काढला, पट्टी पडद्याला लावली आणि म्हणाली, "चुना लावला."

विक्रेत्याचा चेहरा पडला. "आमचं दुकान तसलं नाही हो," म्हणत तो मालकांना बोलवायला गेला. मालक आले. त्यांना समजवायला दहा मिनिटं गेली, आणि तेवढ्या वेळात मावशीने आणखी चार कॅमेरे नापास केले. एकात मी तांबडीलाल, नुकतीच भांडून आल्यासारखी. तेव्हा मी खरंच भांडत होते. पाय दुखायला लागले होते माझे.

शेवटी मालकांनीच मागच्या कपाटातून एक जुन्या मॉडेलचा काढला. ठेंगणा, जाड, काळा. कडेला बोट टेकायला बरोबर खाच. मावशीने चकती फिरवली, कट्‌ कट्‌ कट्‌, आणि तिचा चेहरा सैल झाला. मी तिला झापत असतानाच तिने बटण दाबलं. पट्टी लावली. पट्टी कुठे संपते आणि माझा गाल कुठे सुरू होतो, ते मलाही सांगता येईना.

"घेतला," मावशी म्हणाली.

घरी आई कपाट आवरत होती. मावशीने फोटोचं नावही काढलं नाही. "ताई, बटणं घट्ट वाटतात का बघ जरा," म्हणून कॅमेरा तिच्या हातात दिला. आईने चष्मा लावला, एक बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला आणि ती बघतच राहिली.

"हा कुठे मिळाला तुला?" तिने मावशीला विचारलं. आवाज अगदी हळू. "असा फोटो होता माझा? एवढी वर्षं दाखवला का नाहीस?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. ज्या चेहऱ्यावर मी रोज पुट्टी मारत होते, तो माझ्या आईला स्वतःचा म्हणून हवा होता. मला लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

मग आईने कॅमेरा जवळ धरला. "पण असला शर्ट मी कधी घातला नाही," ती म्हणाली, आणि मान वर करून माझ्या शर्टाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग कपाट तसंच उघडं टाकून ती दाराजवळ उजेडात खुर्ची घेऊन बसली.

"काढ," मावशीला म्हणाली. "आणि हिलाही बसव शेजारी. त्या भिंतीवर एकटीने काय करू मी?"