वहीत नसलेले उत्तर

एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या वॉर्डात वारली. सहा महिन्यांनी त्याच वॉर्डात स्वयंसेवक होण्यासाठी मी अर्ज केला. तिथे पुन्हा उभे राहणे मला जमेल की नाही, हे ठाऊक नव्हते. शिक्षकाच्या सवयीने मुलाखतीची उत्तरे वहीत लिहिली आणि आदल्या दिवशी काम पाहायला गेलो.

लाखनीहून एसटीने येणारी एक स्वयंसेवक बाई तिथे होती. रुग्णाला हात लावण्यापूर्वी ती तळवे घासून उबदार करी, मग गाव विचारी. एका म्हाताऱ्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. तिने विचारले, “बाबाजी, रोवणा झाला काय तुमचा?” तो धानाच्या लावणीबद्दल, शेतातल्या बांध्यांबद्दल बोलत राहिला आणि बोलता बोलता वाटीभर पेज पिऊन गेला. मी थक्क होऊन पाहत होतो.

मी पुढे केलेली वही चाळून ती हसली. “गुरुजी, लिवलं त बढिया. पन रडू आलं त काय करसान, थे कुठी आहे?”

“तुम्ही काय करता?”

“तोंड धुवाचं अन् वापस याचं. उशीर केला त पेज थंडी होते.”

मुलाखतीत मी तेवढेच सांगितले.

आता दर गुरुवारी मी त्या वॉर्डात असतो. रडू अजून येते. तोंड धुऊन मी परत येतो.