रिव्हॅम्पवाले काका

शेवटच्या दिवशीही काका दुकानात बसून इंग्रजीच्या बाईंच्या जुन्या बुटांना नवं कातडं लावत होते. ह्याच बाईंनी त्यांना सांगितलेलं, "काका, व्हॅम्प म्हणजे बुटाचा पुढचा, वरचा भाग. तो नवा घातला की रिव्हॅम्प. आता लोक ऑफिसंसुद्धा रिव्हॅम्प करतात, पण शब्द तुमच्या धंद्यातला!" तेव्हापासून काका येईल त्याला हेच ऐकवायचे. काकू म्हणायची, "आधी त्या दाढीचं रिव्हॅम्प करा!"

एक बूट झाला आणि काका बसल्या जागीच गेले. त्यांचं काम अर्धं राहिलं, हेच काकूच्या जिवाला लागलं. जन्मभर शेजारी बसून शिवण घातली होती तिने; महिन्याभराने दुसरा बूट स्वतःच पुरा केला.

बाई चालून बघत म्हणाल्या, "डावा जरा आवळतोय हं."

"तो ह्यांचा," काकू हसली. "आणा इकडे, सैल करून देते."