आकाश दिसायला हवं

नागपूरचे आजोबा खुर्चीत पाठ टेकून बसलेले आजवर कोणी पाहिलेले नाहीत. सोफा असो, विमानातली जागा असो की दवाखान्यातले बाक, ते कडेवरच बसतात; पाय जमिनीवर, हात गुडघ्यांवर, मान दाराकडे. कधी उठून धावावे लागेल याचा नेम नाही, असे त्यांचे म्हणणे. चिनू, सई, तुम्हाला ते मेघाआत्याच्या लग्नातले आठवत असतील. मंगलाष्टके चालू झाली आणि नवऱ्या मुलाचे वडील दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तर हे मांडवामागे टॉर्च घेऊन विजेच्या वायरी तपासत होते. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. तुमच्या समीरकाकाचे ते वडील, म्हणजे माझे व्याही. गेल्या सप्टेंबरात ते तीन महिन्यांसाठी इथे परदेशात, एनिस गावी मुलाकडे आले. मी आधीपासूनच इथे लेकीकडे, तुमच्या मेघाआत्याकडे आहे. वस्तू जागच्या जागी असली की माझे मन स्वस्थ होते. त्यांना ती जागेवर दिसली की अजून किती वेळ राहील याचा घोर लागतो. अशी आम्ही दोन म्हातारी माणसे एका घरात आलो.

आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांना कळले की मुलगा सुट्टीच्या दिवशी डोंगरात जातो, आणि एकटा जातो. इथून फार लांब नाही, बरेन नावाचा मुलूख आहे. करड्या चुनखडीचे उघडेबोडके डोंगर, झाडाचे नाव नाही, आणि दगडांना जागोजागी खोल भेगा. मोबाइलची रेंज एका वळणावर येते, दुसऱ्यावर जाते. समीर बूट बांधत होता. आजोबा दारात उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "लांब का?" समीर म्हणाला, "नाही बाबा, जवळच." संपले संभाषण. तुमच्या पुण्यातल्या घरात ही पद्धत आता राहिलेली नाही, म्हणून सांगते. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' असे विचारायचे नाही, ते अशुभ. 'लांब का' असे विचारायचे. आजोबांची पत्नी याबाबत फार कडक होती. ती गेल्यापासून तिचे सगळे नियम आजोबा एकटे पाळतात. त्यामुळे या गृहस्थांची अवस्था अशी की जगात सर्वांत जास्त काळजी यांना, आणि ज्या एका शब्दाने ती मिटेल तो उच्चारायला बंदी.

त्यावर त्यांनी उपाय शोधला. आठवड्याभरात घरी एक खोके आले. मुठीत मावेल एवढे केशरी यंत्र, वर बोटाएवढी अँटेना. त्याला मोबाइलचे टॉवर लागत नाहीत, ते थेट उपग्रहाशी बोलते. यंत्र घेऊन डोंगरात गेलेला माणूस कुठे आहे ते दर दहा मिनिटांनी घरच्या फोनवर, नकाशातला ठिपका होऊन दिसते. निरोप पाठवता येतात, घेता येतात. शिवाय बाजूला झाकणाखाली एक बटण असते, ते दाबून धरले की सुटकेची माणसे निघतात. "आता मी कुठं विचारून राहिलो?" आजोबा म्हणाले. "यंत्र विचारून राहिलं."

पण ते पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मुलाच्या हातात देणार नव्हते. पहिली चाचणी परसात झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, ते खिडकीपलीकडे चार पावलांवर, यंत्र डोक्यावर धरून. 'मी ठीक आहे' असा निरोप त्यांनी मला पाठवला. यंत्राकडून उपग्रहाकडे, तिथून कुठल्या तरी देशात, तिथून माझ्या फोनवर. मी चहा केला, गाळला, खिडकीतून कप पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "निरोप आला?" "नाही, पण तुम्ही ठीक आहात हे दिसतंय मला, भाऊ." "दिसण्यावर जाऊ नका," ते म्हणाले. चहावर साय धरली तेव्हा फोन वाजला. मग त्यांनी साय बाजूला करून चहा घेतला.

पुढे ते यंत्र कमरेला लावून ब्रेड आणायलासुद्धा जाऊ लागले. दुकानात छप्पर असते आणि यंत्राला आकाश दिसायला हवे, म्हणून ते दुकानाबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, तोंड वर करून उभे राहत. तिथल्या रखवालदाराने विचारले, काही मदत हवी का. आजोबा म्हणाले, उपग्रहाची वाट बघतोय. तो म्हणाला, "ग्रँड," आणि शेजारी उभा राहून तोही वर बघू लागला. या देशातली माणसे अशी आहेत.

यंत्राची नोंदणी करताना संकटकाळी कोणाला फोन करावा, असा रकाना होता. आजोबांनी माझे नाव घातले. मी म्हटले, अहो, मेघा आहे, इथल्या दवाखान्यात नोकरी करते, तिचे घाला. "तिचं घातलं ना, पहिलं तिचंच," ते म्हणाले. "पण ती बायको आहे त्याची, तिला रडू येईल. विहीणबाई, तुमचं इंग्रजी शाळेतलं आहे. घाबरल्यावरही व्याकरण न चुकणारं माणूस पाहिजे." मला बरे वाटले, हे खरे आहे.

अखेर यंत्र समीरच्या हाती आले, आणि त्याबरोबर सूचना. बॅटरी जपून वापर. पडू देऊ नको. पाऊस आला की जेवणाच्या डब्यात ठेव. समीरने सांगितले की ते पाण्यात बुडाले तरी चालते, तसे लिहिलेले आहे. "लिहिणाऱ्याचा मुलगा डोंगरावर नाही," आजोबा म्हणाले. ही डब्याची सूचना दर शनिवारी दारात होत असे. समीर हो म्हणत असे आणि यंत्र पिशवीच्या पट्ट्याला बाहेर अडकवून निघत असे.

मग निरोप सुरू झाले. समीर चढाला लागला की, "लांब का?" माथ्यावर पोहोचला की, "वारा आहे का?" ठिपका जरा बाजूला सरकला की, "वाट तीच ना?" प्रत्येक वेळी यंत्र वाजायचे, समीर थांबायचा, हातमोजा काढायचा, वाचायचा, उत्तर द्यायचा. दिवाळीच्या सुमारास एकदा तो घरी आला आणि बूटही न काढता बोलला. "बाबा, आज मी कड्याच्या कडेला एका पायावर उभा असताना तुम्ही विचारलंत, मफलर आहे का. एक दिवस मी पडेन तो तुमच्या निरोपामुळे पडेन. ठिपका बघा, हवा तितका बघा. पण मी डोंगरात असताना निरोप नाही. एक जरी आला, तरी पुढच्या वेळेपासून हे यंत्र घरी राहील."

आजोबा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "नाही पाठवणार." थोड्या वेळाने मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मफलर होता म्हणाला का तो?"

त्यानंतरचे तीन शनिवार त्यांनी शब्द पाळला. तो कसा पाळला ते मी पाहिले आहे. फोन टेबलावर, चष्मा फोनवर, आणि हात स्वतःच्याच मांडीखाली दाबलेले.

चौथ्या शनिवारी सकाळी आकाश बरे होते. मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे दिले. मेघाआत्या ड्युटीवर गेली, समीर डोंगरावर. ठिपका नेहमीसारखा चढत गेला. जेवणाच्या सुमारास एका जागी थांबला. दहा मिनिटांनी तिथेच. आणखी दहा मिनिटांनी तिथेच. बाहेर ढग उतरले आणि पाऊस लागला.

"जेवत असेल," मी म्हटले.

"इतका वेळ?"

"पुऱ्या आहेत, भाऊ."

त्यांनी नकाशा मोठा केला, लहान केला, फोन उलटा धरून पाहिला. ठिपका हलेना. मी समीरचा मोबाइल लावला. लागला नाही, पण तो तिथून कधीच लागत नाही. आजोबांनी निरोप लिहिला, "लांब का?" आणि अंगठा बटणावर ठेवून तसेच बसले. त्यांचे कोडे मला समजत होते. विचारावे आणि तो सुखरूप निघावा, तर पुढच्या शनिवारपासून हा ठिपकाही नाही. न विचारावे आणि तो भेगेत पाय अडकून पडलेला असावा, तर? शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तुमच्याजवळ ठेवा. माझा अंगठा भरवशाचा नाही."

खरे सांगायचे तर माझाही नव्हता.

मग ते एकदम उठले आणि बूट घालू लागले. "विचारायचं नाही म्हणाला. यायचं नाही असं नाही म्हणाला." आम्हा दोघांनाही इथे गाडी चालवता येत नाही. शेजारच्या नोराचे दार वाजवले. नोरा माझ्याच वयाची, तिची छोटी लाल गाडी, आणि ती कधीच घाई करत नाही. वाटभर ती आजोबांना सांगत होती, तो ग्रँड असेल बघा. आजोबांनी मागून मला विचारले, "ग्रँड म्हणजे नक्की काय हो?"

"म्हणजे बरा."

"कितपत बरा?"



डोंगराच्या पायथ्याशी समीरची गाडी उभी होती. आजोबांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बॉनेट गार होते. वर पाहिले तर डोंगर नव्हताच, नुसता ढग. मी, तुमच्या इंग्रजीवाल्या आजीने, मनातल्या मनात वाक्ये जुळवायला घेतली होती: माझ्या मुलीचे यजमान, वय अमुक, निळे जाकीट, शेवटची जागा अशी अशी. मी आजोबांना म्हटले, "पूर्ण अंधार होण्याआधी दिसला नाही, तर सुटकेच्या माणसांना मी फोन करते. मग यंत्र राहिलं काय, गेलं काय."

त्यांनी मान हलवली. "इंग्रजी तयार आहे?"

"आहे."

"चुकणार नाही ना?"

"नाही, भाऊ." कोटाच्या खिशात मी फोन मुठीत धरला. उजेड करड्यावरून काळ्यावर जात होता. नोराने थर्मास उघडला, कोणी प्यायले नाही. नोराही ग्रँड म्हणायची थांबली होती.

मी खिशातून फोन काढला आणि आकडे दाबणार, तेवढ्यात वर ढगात एक दिवा दिसला. नाहीसा झाला. पुन्हा दिसला, आणि खाली खाली येऊ लागला. डोक्याला दिवा बांधलेला माणूस, दोन पायांवर, बेताने चालत. मी आजोबांकडे पाहिले. मला वाटले रडतील. तर ते म्हणाले, "लवकर, गाडीत बसा. आपण आलो हे त्याला दिसता कामा नये."

सत्तरीची आम्ही तीन माणसे त्या छोट्या गाडीत वाकून बसलो. दिवे बंद.  नोराने डोके स्टिअरिंगच्या खाली घेतले. श्वासांनी काचा धुरकट झाल्या, त्यामुळे बाहेरचे आम्हाला काही दिसेना. मग काचेवर टकटक झाली.

आजोबांनी काच खाली केली. चिखलाने भरलेला समीर पावसात उभा होता.  आजोबांना विचारायचे होते ते एकच, आणि ते त्यांना विचारता येत नव्हते. ते म्हणाले, "लांब होतं का?"

समीर हसला नाही. "ढगात वाट दिसेना, हळूहळू उतरलो. पण तुम्ही का आलात? ठिपका दिसत होता ना?"

"ठिपका जेवायला बसला तो उठलाच नाही," मी म्हटले.

समीरने खांद्यावर पाहिले, मग एकदम पिशवी उतरवून उघडली. पुऱ्यांचा स्टीलचा डबा काढला. घट्ट बसलेले झाकण उघडले, आणि आत, पुसायच्या रुमालात गुंडाळलेले, ते केशरी यंत्र होते. त्याला लोणच्याचे तेल लागले होते. बाहेर येऊन जरा वेळ झाला तसे ते बारीक वाजले आणि नोराच्या गाडीत, माझ्याजवळ ठेवलेल्या आजोबांच्या फोनमध्ये, ठिपका डोंगरावरून उडी मारून थेट आमच्याजवळ आला.

"डब्यात काहून ठेवलं?" आजोबांनी विचारले. "स्टीलमधून त्याला आकाश कसं दिसणार?"

"पाऊस आला. तुम्हीच सांगता ना दर वेळी, पाऊस आला की डब्यात ठेव."

"पण तू कधी ऐकतोस?"

"आज ऐकलं," समीर म्हणाला. "तुम्ही एकही निरोप पाठवत नव्हता. म्हटलं, आपणही एक ऐकावं."

परत येताना आजोबा मुलाच्या गाडीत बसले नाहीत. नोराला एकटीला पाठवणे बरे दिसत नाही म्हणाले. गाडी मुख्य रस्त्याला लागली तेव्हा मी मागे वळून पाहिले. ते पाठ टेकून, तोंड किंचित उघडे टाकून, गाढ झोपले होते. मी नोराला म्हटले, हळू चालव. ती म्हणाली, मी दुसरे काय करते?

डिसेंबरात त्यांचा व्हिसा संपला आणि ते नागपूरला गेले. विमानतळावर मी विचारले, "लांब का?" ते म्हणाले, "आता लांबच, विहीणबाई." शनिवार अजून तसेच होतात. समीर डोंगरात जातो, यंत्र पट्ट्याला बाहेर असते, पाऊस असला तरी. तिकडे नागपुरात ठिपका बघणारा माणूस जागा असतो. डोंगरातल्या वाटेवर तो आजवर एक शब्द बोललेला नाही. समीर घरी येतो, बूट काढतो, आंघोळ करतो. यंत्राचे काम संपलेले असते, ते बंद करून कपाटात ठेवावे, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तर प्रेसमध्ये ठेवावे, हे माझ्या शिस्तीला धरून झाले असते. पण समीर ते चालूच ठेवतो आणि खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर, अँटेना वर करून उभे करतो. त्याला मी पहिल्यांदा कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "आकाश दिसायला हवं ना."

फोन खिशात आहे. नागपूरहून एका सेकंदात लागेल. तरी आम्ही दोघे चहाचे कप घेऊन, वाट बघत नसल्यासारखे बसतो, आणि कप निम्मा होतो न होतो तोच ते केशरी यंत्र कठड्यावर बारीक वाजते. निरोप दर वेळी तोच असतो, इंग्रजी अक्षरांत, मराठी.

"जेवला का?"