बोटाचे सोळा फोटो

बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. तारामासा, प्रवाळ, समुद्री गोगलगाय हे सगळं फळ्यावर इतक्या वेळा काढलंय, की डोळे मिटूनही काढीन. समुद्र तेवढा पाहिला नव्हता. वर्गात कुणी तसं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं पाण्याखाली चालणारा छोटा कॅमेरा पाठवला आणि नाताळच्या सुट्टीत आम्हा नवरा-बायकोचं मालवणला जाण्याचं ठरवूनही टाकलं. मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की मोठ्या माशांमागे कुणीही धावेल. आपण नखाएवढ्या जिवांचे फोटो काढणार. संयमाचं काम आहे.

सरावाला बहादरपूरला गेलो. तिथे थोरल्या भावाची केळीची बाग आहे. बागेतल्या हौदात कंबरभर पाण्यात उतरून मी डोकं आत घातलं. वर आलो तर भाऊ काठावर उभा.

"काय करून राहिला रे तू?"

"फोटो काढतोय."

"बेडकाच्या पिल्लांचे?"

"सराव आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बागेतल्या मजुरांना बघायला बोलावून घेऊन आला. फोटो मात्र झकास आले. हौदात लाटा नसतात, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पोहण्याची चिंता नव्हतीच. राजघाटावर तापीत पोहायला शिकलेला माणूस मी. मालवणच्या बोटीत, पाण्याखाली नेणाऱ्या प्रशिक्षकाला हे दोनदा ऐकवलं. तो माझ्याच वयाचा, पूर्वी मासेमारी करणारा. शांतपणे म्हणाला, "गुरुजी, हय पोहूचा नाय. गप रवाचा."

गप्प राहण्याची सवय मास्तराला कुठली असणार! पाण्यात गेल्या गेल्या मी पाय मारले आणि तळाची सगळी वाळू उठली. शेवटी मांजर पिल्लाला धरते तसं त्यानं मला मागून धरलं आणि एका खडकापाशी नेलं. बोटानं दाखवलं. मला खडक दिसला. त्यानं बोट हलवलं. मला हलणारं बोट दिसलं. तो जिथे दाखवत होता तिथे नेम धरून मी बटण दाबत राहिलो. लाट मला पुढे न्यायची, मागे आणायची. एकदा तर तिनं मला पुरतं उलटं केलं आणि त्या गडबडीत बटण आपोआप दाबलं गेलं.

बोटीत आल्यावर त्यानं विचारलं, "दिसली मा निळी गोगलगाय?"

"हो तर! सुंदर."

किनाऱ्यावर बायकोनं विचारलं, "सापडला का तुमचा किडा?" तिलाही हेच उत्तर दिलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण खरं काय ते सांगता येईना. खाली ऊन हिरवं होऊन हलत होतं आणि खडकातून सतत बारीक कडकड ऐकू येत होती. समुद्राला आतून आवाज असतो, हे मी बावीस वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं.

सुट्टीनंतर फोटो वर्गात पडद्यावर लावले. घरी आधी पाहायला हवे होते. सोळा फोटोंत प्रशिक्षकाचं बोट होतं, रेघ न् रेघ स्पष्ट. शेजारी निळसर डाग.

"सर, ये उंगली किसकी है?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"जाणकाराची," मी म्हणालो आणि पुढचा फोटो लावला.

हा सतरावा. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेसारखी कोळंबी होती. देठावरचे डोळे दिसत होते, पोटाखालची अंडीसुद्धा दिसत होती. वर्ग गप्प झाला. मीही झालो, कारण मीही तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"सर, इसके लिए कितनी देर रुके?"

"वेळेचं भान राहत नाही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी तो फोटो मोठा करून ऑफिसबाहेर लावला. खाली सुबक अक्षरांत लिहिलं, 'चिकाटीचे फळ'. परवा तपासणीला आलेले साहेब त्यासमोर बराच वेळ मान वाकडी करून उभे होते. "सर, हा उलटा तर नाही ना लागला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान वाकडी करून पाहिलं. दोन्हीकडून सारखंच बरं दिसत होतं.

"पाण्याखाली, साहेब," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "सुलट-उलट असं काही नसतं."

साहेबांनी मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं.